थायलंडचा पाच वर्षांचा व्हिसा, नाशिकच्या हिशेबाने

परदेशात राहून लॅपटॉपवर आपल्याच देशातल्या किंवा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी थायलंडने १५ जुलै २०२४ पासून ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ देण्यास सुरुवात केली. सगळे त्याला डीटीव्ही म्हणतात. मुदत पाच वर्षांची, त्या काळात कितीही वेळा ये-जा करण्याची मुभा, प्रत्येक प्रवेशावर १८० दिवसांचा मुक्काम, आणि शुल्क १०,००० थाई बात, म्हणजे दरानुसार आपले साधारण पंचवीस ते तीस हजार रुपये. भारतीय पासपोर्ट असलेल्या तरुण माणसाला इतक्या मोजक्या अटींवर इतका मोठा मुक्काम देणारे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. हा व्हिसा घेऊन मी थायलंडमध्ये एक हिवाळा राहिले आणि काम केले. त्या अनुभवावर, आणि त्याहून अधिक हिशेबावर, हे परीक्षण आधारलेले आहे. हिशेबावर अशासाठी, की या व्हिसाचे कौतुक आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुतेक डॉलर आणि युरोमध्ये कमावणाऱ्यांकडून, आणि त्यांची स्वस्ताई ही आपली स्वस्ताई असतेच असे नाही.

आधी स्पर्धकांकडे पाहू. दूरस्थ कामासाठीचे व्हिसे करोनाच्या काळात फोफावले. एस्टोनियाने २०२० मध्ये सुरुवात केली, पण तिथे महिन्याला साडेचार हजार युरो उत्पन्न दाखवावे लागते. संयुक्त अरब अमिरातीचा एक वर्षाचा व्हिसा महिना साडेतीन हजार डॉलर मागतो. इंडोनेशिया, म्हणजे व्यवहारात बाली, वर्षाला साठ हजार डॉलरची अट घालतो. जपानने २०२४ मध्ये असाच व्हिसा आणला, पण त्याच्या यादीत भारताचे नावच नाही. मलेशियाचा ‘डी रांताऊ’ पास त्यातल्या त्यात आवाक्यातला, कारण संगणक क्षेत्रातल्या व्यक्तीसाठी त्याची अट वर्षाला चोवीस हजार डॉलरची आहे. तरीही ही रक्कम वीस लाख रुपयांच्या आसपास जाते, आणि नाशिकमध्ये बसून पुण्याच्या कंपनीचे काम करणाऱ्या पंचविशीतल्या मुला-मुलींपैकी फार थोड्यांचा पगार तिथवर पोहोचतो.

थायलंडने मात्र उत्पन्नाची किमान अट न घालता शिल्लक मागितली, आणि या व्हिसाचे वेगळेपण त्यातच आहे. अर्जदाराचे वय किमान वीस असावे, तो थायलंडबाहेरील मालकासाठी किंवा ग्राहकांसाठी काम करतो याचा पुरावा असावा, आणि त्याच्या खात्यात किमान पाच लाख बात असावेत. पाच लाख बात म्हणजे बारा ते पंधरा लाख रुपये. रक्कम थायलंडला पाठवायची नसते. आपल्याच बँकेतील रुपयांतील खात्याचा उतारा जोडता येतो. पगार बेताचा पण काटकसरीने साठवण्याची सवय असलेल्या मराठी मध्यमवर्गीय घरातल्या व्यक्तीला ही अट मासिक उत्पन्नाच्या अटीपेक्षा सोयीची वाटते, यात नवल नाही. त्याच वेळी हेही स्पष्ट म्हटले पाहिजे, की तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाच्या स्वतःच्या नावावर बारा-पंधरा लाख रोख असणे ही आपल्याकडे सर्वसाधारण गोष्ट नव्हे. जे असते ते मुदतठेवीत, म्युच्युअल फंडात किंवा घराच्या डाउन पेमेंटसाठी राखलेले असते, आणि ते मोडून बचत खात्यात ठेवले की व्याजाचे नुकसान सुरू होते. दहा हजार बात शुल्काबरोबर हे नुकसानही किमतीत धरले पाहिजे.

अर्जाची व्यवस्था नाशिककराच्या दृष्टीने चांगली आहे. जानेवारी २०२५ पासून थायलंडच्या वकिलाती ऑनलाइन ई-व्हिसा देतात. महाराष्ट्रातील रहिवाशाचा अर्ज मुंबईतील महावाणिज्य दूतावासाकडे जातो, पण त्यासाठी आपण मुंबईला जाण्याची किंवा पासपोर्ट सोपवून येण्याची गरज पडत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याच्या केंद्रात हेलपाटा घालावा लागतो, त्याच्याशी तुलना केल्यास एक रजा आणि घाटातला प्रवास वाचतो. नोकरी करणाऱ्याने कंपनीचे पत्र, करारपत्र आणि पगारपत्रके जोडायची. स्वतंत्र व्यावसायिकाने ग्राहकांशी झालेले करार, पावत्या आणि कामाचे नमुने. माझा अनुभव असा, की कागद एकमेकांशी जुळणे हे कागदांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे: पत्रावरचा पगार, पगारपत्रकातली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम एकच दिसली पाहिजे. शहरातील एका एजंटाने या कामासाठी व्हिसा शुल्काच्या दुपटीहून अधिक मोबदला सांगितला होता, आणि त्याबद्दल तो नेमके काय करणार आहे हे विचारल्यावर ‘फाइल सेट करून देतो’ एवढेच उत्तर मिळाले. इंग्रजी अर्ज वाचता येणाऱ्या व्यक्तीला त्याची गरज नाही.

खरी अडचण बहुधा दूतावासाकडून न येता आपल्या कंपनीकडून येते. घरून काम करण्याची परवानगी म्हणजे कोणत्याही देशातून काम करण्याची परवानगी नव्हे, हे अनेकांना अर्ज भरताना पहिल्यांदा कळते. कंपन्यांना विदासुरक्षेची, म्हणजे डेटाच्या सुरक्षेची, काळजी असते, ग्राहकाच्या करारात काम कुठून व्हावे याच्या अटी असतात, आणि कर्मचारी दुसऱ्या देशात दीर्घकाळ बसला तर तिथल्या करविभागाला उत्तर द्यावे लागेल अशी धास्तीही असते. ‘हा कर्मचारी थायलंडमधून काम करू शकतो’ असे लेखी द्यायला मनुष्यबळ विभाग तयार नसेल, तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून जोडलेलो आहोत हे लपवणारी सोय, लावून गुपचूप जाण्याचे सल्ले मिळतात. ज्याला नोकरी टिकवायची आहे त्याने ते कानाआड करावेत.

आता पैशांचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतले. उत्तर थायलंडमधील च्यांग माई हे शहर जगभरच्या लॅपटॉपवाल्यांचे माहेरघर मानले जाते. तिथे जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या आतबाहेर किंवा निम्मान भागात सामानासकट एक खोलीचे घर महिन्याला आठ ते पंधरा हजार बातमध्ये मिळते. न्यूयॉर्क किंवा लंडन सोडून आलेल्याला हे भाडे म्हणजे जवळजवळ फुकट वाटते, आणि त्यातूनच ‘स्वस्तात राहा, बचत करा, जग पाहा’ हा मंत्र तयार झाला. पण याच रकमेचे रुपये केले की वीस ते चाळीस हजार होतात. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला आई-वडिलांच्या घरात राहणाऱ्या मुलाला भाड्याचा हा आकडा पूर्ण नवा खर्च आहे, आणि स्वतंत्र राहणाऱ्यालाही नाशिकमधल्या भाड्यापेक्षा तो कमी पडत नाही. खाओ सोय या तिथल्या रस्सेदार नूडल्सचा वाडगा साठ-सत्तर बातला मिळतो, म्हणजे आपल्या रुपयांत मिसळीच्या प्लेटहून महागच. कॉफी जवळपास तेवढ्याच किमतीची. विमानाचे भाडे, प्रवास विमा, दोन ठिकाणचे मोबाइल रिचार्ज हे वेगळेच. रुपयांत पगार घेणारा नाशिककर आधीपासूनच अशा शहरात राहतो आहे, जिथे येऊन राहणे एखाद्या जर्मन मुलाला स्वस्त वाटेल. त्यामुळे बचत होईल या अपेक्षेने हा व्हिसा घेणारा आपला माणूस निराश होईल, आणि त्याचा दोष व्हिसाला देता येणार नाही.

ज्यांचे ग्राहक परदेशी आहेत त्यांचे गणित अर्थातच वेगळे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आराखडे काढता काढता युरोपातल्या कंपन्यांचीही कामे घेणारे अभियंते, ॲप बनवणारे, व्हिडिओ संपादित करणारे असे लोक नाशिकमध्ये आता कमी नाहीत, आणि डॉलरमध्ये बिल करणाऱ्याला च्यांग माईचा खर्च झेपतो. पण त्यालाही नाशिकमध्ये राहूनच अधिक शिल्लक पडेल, हे तो स्वतः जाणतो. मग पैसे मोजून काय मिळते? माझे उत्तर असे, की कामाच्या दिवसाची वेगळी रचना मिळते आणि कामाला बसलेल्या अनोळखी माणसांचा शेजार मिळतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. भारतीय कंपनीचे दहा ते सात तिथे साडेअकरा ते साडेआठ होते, आणि सकाळ पूर्ण मोकळी मिळते. या व्हिसाचे सर्वांत मोठे सुख मला तेच वाटले. ब्रिटनच्या ग्राहकाचा हिवाळ्यातला सकाळी नऊचा कॉल तिथे दुपारी चारला येतो, तेही सोसण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे काम करणाऱ्याला मात्र नुकसान: हिवाळ्यात नाशिकमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा दिवस तिथे रात्री नऊला सुरू होतो. अशा माणसाने पूर्वेकडे न सरकलेलेच बरे. इंटरनेटबद्दल तक्रार करायला जागा नाही. वेग उत्तम आहे आणि पावसाची सर आली म्हणून जोडणी गेली असे झाले नाही, जे गंगापूर रोडबद्दल मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आपल्या चार्जरचे दोन गोल पिनांचे प्लग तिथल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसतात.

आता कर आणि ऋतू या दोन गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो, आणि व्हिसाच्या जाहिरातीत या दोहोंचा उल्लेख नसतो. थायलंडमध्ये जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एकूण १८० दिवस किंवा अधिक राहणारा माणूस करदृष्ट्या तिथला निवासी ठरतो, आणि २०२४ पासून कमावलेले परदेशी उत्पन्न अशा निवासी व्यक्तीने थायलंडमध्ये आणले तर त्यावर तिथे कर लागू शकतो. व्हिसाचा एक मुक्कामही १८० दिवसांचाच आहे, म्हणजे जानेवारीत उतरून पूर्ण मुदत राहणारा नकळत त्या रेषेवर जाऊन उभा राहतो. उलट आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि भारतात १८२ दिवस किंवा अधिक राहणारा भारताचा निवासी. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी गेल्यास १८० दिवस मार्चअखेरीस संपतात. हे दिवस थायलंडच्या दोन वेगवेगळ्या वर्षांत निम्मे-निम्मे विभागले जातात आणि भारताच्या एकाच वर्षात पडतात, ज्यात उरलेले १८५ दिवस आपण नाशिकमध्ये असतो. त्या वर्षांत दुसरा मोठा मुक्काम घडला नाही, तर माणूस थायलंडचा निवासी होत नाही, भारताचा राहतो, आणि विवरणपत्र नेहमीसारखेच भरतो. लागोपाठ दोन मुक्काम करून वर्षभर तिकडे राहणाऱ्याचे प्रकरण गुंतागुंतीचे होते. बँक खात्यांचे स्वरूपही मग बदलावे लागू शकते, आणि त्यासाठी सीएची फी आधीच बाजूला ठेवावी.

ऑक्टोबरचा प्रवेश हवामानालाही मानवतो, पण अर्धाच. पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबर ते जानेवारी च्यांग माई सुंदर असते. सकाळी स्वेटर लागतो, नाशिकच्या थंडीची सवय असलेल्याला अगदी घरच्यासारखे वाटते. फेब्रुवारीपासून मात्र शेतातला काडीकचरा आणि डोंगरावरची जंगले पेटू लागतात, धूर दरीत साचतो, आणि मार्चमध्ये तिथली हवा जगातल्या सर्वांत खराब शहरांच्या यादीत जाऊन बसते. दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असलेल्याने तोपर्यंत शहर सोडलेले असावे. दक्षिणेकडे थायलंडच्या आखातातली सामुई, फांगान ही बेटे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसात असतात आणि जानेवारीनंतर उघडतात. त्यामुळे आधी उत्तर, मग दक्षिण हा क्रम ठेवला तर तोच १८० दिवसांचा मुक्काम दोन्हीकडे चांगला जातो. वर्षभराचा भाडेकरार करून घर स्वस्तात मिळवण्याचा मोह होतो, पण तो करार मार्चच्या धुरात गळ्याशी येतो.

व्हिसा हातात आल्यावरही नियमांचा फेरा संपत नाही. १ मे २०२५ पासून प्रत्येक आगमनाआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावे लागते. ते मोफत आहे, आणि त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट समजावीत. आपण कुठे उतरलो याची नोंद घरमालकाने चोवीस तासांत करायची असते, आणि घर घेण्याआधी तो ती करतो का हे विचारून घ्यावे, कारण इमिग्रेशन कार्यालयातल्या पुढच्या प्रत्येक कामात तो कागद मागितला जातो. सलग ९० दिवस देशात राहिल्यास पत्ता कळवावा लागतो. १८० दिवसांनंतर आणखी १८० दिवसांची मुदतवाढ एकदा मागता येते, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. बहुतेक लोक शेजारच्या देशात जाऊन परत येतात आणि नवे १८० दिवस सुरू करतात.

या व्हिसावर थाई ग्राहकाचे किंवा थाई कंपनीचे काम करता येत नाही; त्यासाठी वेगळा परवाना लागतो. कायम वास्तव्याकडे जाणारी वाट यातून निघत नाही. तिथल्या बँकेत खाते उघडणे सहज होत नाही, त्यामुळे भारतीय कार्डांवरच भागवावे लागते, आणि प्रत्येक ओटीपीसाठी भारतीय क्रमांक चालू ठेवावा लागतो. आधारशी जोडलेल्या क्रमांकाचा रिचार्ज संपला, की बँक आणि प्राप्तिकराचे संकेतस्थळ एकदमच दुरावतात.

स्कूटरबद्दल एक सूचना निघण्याआधीची. तिथे सगळेच भाड्याने स्कूटर घेतात, आणि देणारा परवाना पाहतोच असे नाही. पण अपघात झाला तर विमा कंपनी पाहते. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो वर्षभर चालतो, आणि आपल्या मूळ परवान्यावर दुचाकीची नोंद असेल तरच त्यावर दुचाकी येते.

शाकाहारी वाचकांसाठी थोडेसे: भाजीच्या पदार्थातही माशाचे पाणी किंवा कालवांचे सॉस असते, म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली ‘जे’ प्रकारची खाणावळ शोधावी, जिथे मांस-मासे आणि कांदा-लसूणही नसतो. च्यांग माईत अशा खाणावळी पुष्कळ आहेत, बेटांवर कमी.

शेजाराचे सुख मी वर लिहिले, त्याला एक मर्यादाही आहे. कॅफेत भेटणारी माणसे मोकळी असतात, मदत करतात, पण दर महिन्याला निघून जातात. कॉलेज रोडवर ज्याचे चहाचे टोळके वर्षानुवर्षे तेच आहे, त्याला दोन-तीन महिन्यांनी हे जाणवू लागते. मला ते सुसह्य झाले, कारण परतीची तारीख ठरलेली होती.

नाशिकहून जाणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. नाशिकच्या ओझर विमानतळाहून बँकॉकला थेट विमान नाही, मुंबई गाठावी लागते; जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो, मात्र भिवंडीनंतरची कोंडी तशीच आहे. मुंबई ते बँकॉक चार-साडेचार तासांचा प्रवास, आणि तिथून च्यांग माईला रात्रीची रेल्वे किंवा तासाभराचे विमान.

पाच वर्षांच्या मुदतीमुळेच मी हा व्हिसा घ्यावा असे म्हणेन, पण सलग राहण्यासाठी नव्हे. कंपनीचे लेखी पत्र मिळू शकते किंवा परदेशी ग्राहक स्थिर आहेत, शिल्लक कर्ज न काढता दाखवता येते, आणि घरी आई-वडिलांची प्रकृती बरी आहे, अशा माणसाने तो घेऊन दर हिवाळ्यात काही महिने जावे आणि उन्हाळ्याआधी परतावे. शुल्क पाच हिवाळ्यांवर विभागले तर दर खेपेला पाच-सहा हजार रुपये पडतात. पंधरा दिवसांची सहल करायची असेल तर याची गरज नाही. त्यासाठी साधा पर्यटन प्रवेश पुरेसा आहे. ज्याची शिल्लक नातेवाइकांकडून चार दिवस उसनी घेऊन दाखवायची आहे त्याने अर्ज करू नये, कारण उताऱ्यावर अचानक जमा झालेली मोठी रक्कम लगेच डोळ्यांत भरते आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये निघायचे असेल, तर कंपनीकडे पत्राची मागणी जूनमध्येच करावी. दूतावासाच्या कामापेक्षा त्या पत्रालाच जास्त वेळ लागतो.